सांडव्याचं पाणी

दरवर्षी पावसाळ्यात एक बातमी ठरलेली असते. पवई तलाव भरून वाहू लागला. महापालिका तारीख सांगते, पहाटेची वेळसुद्धा सांगते. मग येणाऱ्या रविवारी कांजूरमार्गच्या आमच्या वस्तीतली पोरं टॉवेल खांद्यावर टाकून निघतात. स्टेशनावरून बस, नाहीतर शेअर रिक्षा. तेवढेही पैसे नसले तर चालत. आयआयटीचं गेट मागं टाकायचं, तलाव उजव्या हाताला धरायचा आणि पश्चिमेकडं सरळ जायचं. या रस्त्याचं सरकारी नाव आदि शंकराचार्य मार्ग. पोरांना ते माहीतही नाही, ती जेव्हीएलआर म्हणतात. तलावाच्या पार पलीकडच्या अंगाला दगडी बांध आहे. तलाव काठोकाठ भरला की बांधाच्या सांडव्यावरून पाणी खाली कोसळतं. त्याला पोरं धबधबा म्हणतात. लोणावळ्याला जायचं तर खिसा लागतो. हा आपला फुकटचा धबधबा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गातल्या सातआठ पोरापोरींनी मला ओढून नेलं. तिथं एका पोरीनं विचारलं, "दादा, हा धबधबा किती जुना असंल? हजार वर्षं?"

मी म्हटलं, "याला तारीख आहे. १८९०-९१."

"धबधब्याला तारीख?"

"हा निसर्गाचा नाही ग. महापालिकेचा आहे."

पोरं हसली. पण मी विनोद केला नव्हता. आपल्याला शाळेत शिकवतात ते असं, की राजाला इतिहास असतो आणि पाण्याला भूगोल. राजा कधी आला, कधी मेला ते पाठ करायचं. नदी कुठून निघते, कुठं मिळते तेवढं नकाशात भरायचं. पाणी कुणी अडवलं, कुणी नळात घातलं, कुणाच्या दारापर्यंत नेलं आणि कुणाच्या दारावरून पुढं नेलं, हे कुठल्याच पुस्तकात येत नाही. ज्यांच्या चळवळीचा पहिला मोठा लढा एका तळ्यावर झाला, त्यांनी तरी पाण्याचा इतिहास वाचला पाहिजे. म्हणून हे लिहायला बसलो.

*

आधी माझी स्वतःची पहिली फेरी सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आमचं घर जालन्याकडून उठलं. बाप आधी आला, मागून माय आणि आम्ही भावंडं. पवईच्या टेकड्यांत तेव्हा दगडाच्या खाणी होत्या. आज जिथं काचेच्या इमारती आहेत तिथं सुरुंगाचे बार व्हायचे आणि क्रशरची धूळ उडायची. माय खडी फोडायला जायची. संध्याकाळी ती आली की तिच्या पापण्या पांढऱ्या दिसायच्या.

गावाकडं मायनं कधी विहिरीत पोहरा सोडला नव्हता. घागर खाली ठेवायची, लांब उभं राहायचं. कुणाला दया आली की तो वरून ओतायचा. तहान लागली असली तर ओंजळ धरायची, वरून धार. धार कधी थांबवायची ते ओतणाऱ्याच्या मर्जीवर. ओंजळ धरणाऱ्यानं फक्त वर बघायचं.

पावसाळ्यात खाणीचं काम थंडावायचं. अशाच एका सुट्टीला बायका धुण्याची गाठोडी घेऊन सांडव्याच्या खालच्या ओढ्याला गेल्या. मी पाचसहा वर्षांचा असेन. माय लुगड्यासकट पाण्याखाली उभी राहिली. तिनं ओंजळ धरली. ती भरली, सांडली, परत भरली. कुणी हटकलं नाही. ती हसत म्हणाली, "इथं बी पानी वरूनच पडतंय. पर वतनारं कुनी न्हाई."

हे वाक्य मी पन्नास वर्षं बरोबर घेऊन फिरतोय. माय आता नाही. तिचं वाक्य मला तेव्हा पूर्ण खरं वाटलं होतं. आज वाटतं, ते अर्धं खरं होतं. ओतणारा होता. तो तिथं उभा नव्हता, एवढंच. तो कचेरीत बसला होता.

*

पवईच्या उत्तरेला जे डोंगर आहेत त्यांत कान्हेरीची लेणी आहेत. आपली पोरं तिथं सहलीला जातात, बुद्धमूर्तीसमोर फोटो काढतात आणि परत येतात. पुढच्या वेळी पायाखाली बघा. शंभराहून जास्त लेणी आहेत आणि बहुतेक लेण्यांच्या तोंडाशी खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. डोंगरावर पडलेलं पाणी खोबणीतून टाक्यात उतरवलेलं आहे. शिलालेखात या टाक्यांना पोढी म्हटलंय. कुणी लेणं दान दिलं, कुणी पोढी दान दिली, अशी नोंद खडकावर कोरून ठेवली आहे. दान देणाऱ्यांत कल्याण आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, तसे सोनार, लोहारही आहेत, भिक्खू आणि भिक्खुणी आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागे सुरू झालेली ही वसाहत जवळजवळ हजार वर्षं नांदली. वर्षातले आठ महिने कोरडा असणारा डोंगर, आणि त्यावर शेकडो माणसं पावसाच्या पाण्यावर जगली. ज्याला पाणी द्यायचं त्याची जात बघून ओंजळीत धार सोडण्याची पद्धत भिक्खुसंघात नव्हती. या डोंगरातल्या पाण्याचा पहिला लिहिलेला इतिहास हा असा आहे. तो आपला आहे.

पुढची नोंद थेट इंग्रजांची. मुंबई बेट दाट वस्तीचं झालं आणि विहिरी, तळी पुरेनात. १८५४ साली पाण्याचा असा दुष्काळ पडला की बोटींनी आणि नव्यानं सुरू झालेल्या रेल्वेनं बेटावर पाणी आणावं लागलं. तेव्हा साष्टीच्या डोंगरातलं पाणी अडवून नळानं शहरात न्यायचं ठरलं. हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरनं योजना मांडली. १८५६ साली विहारचं काम सुरू झालं, १८६० साली पाणी मुंबईत पोचलं. शहर वाढलं, विहार पुरेना. मग तुळशी, १८७९ साली पुरा झाला. तेही पुरेना. तानसाचं मोठं काम चालू होतं, पण त्याला वेळ लागणार होता. मधल्या काळात तहान भागवायला घाईनं एक तलाव बांधला, तो पवईचा.

पवई गावाची जमीन त्याआधीच मोठ्या इस्टेटीत गेलेली होती. १८२९ च्या सुमारास कंपनी सरकारनं ती फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी शेठला दिली होती. विहार, तुळशी, पवई ही तिन्ही नावं मुळात गावांची. आज ती ऐकली की पाणी डोळ्यांसमोर येतं, गाव येत नाही.

पवईचा हिशोब महापालिकेच्या कागदावर आहे. खर्च सुमारे १२ लाख ५९ हजार रुपये. पाणलोट ६.६१ चौरस किलोमीटर. तलाव भरला की पाण्याचा पसारा २.२३ चौरस किलोमीटर आणि साठा सुमारे ५४५ कोटी लिटर. पाण्याची पातळी १९५.१० फुटांवर गेली की सांडवा वाहतो. म्हणजे आपल्या धबधब्याची उंचीसुद्धा कुणीतरी कागदावर आखलेली आहे. दोन टेकड्यांच्या मध्ये सुमारे १० मीटर उंचीची भिंत घातली नसती तर इथं एक साधा ओढा वाहत राहिला असता.

आणि एवढं करून हे पाणी मुंबईनं धड प्यायलंच नाही. १८९२ साली तानसा आला. पवईचं पाणी पिण्याच्या लायकीचं नाही असं ठरलं आणि काही वर्षांतच ते शहराच्या पिण्याच्या पाण्यातून बाद झालं. पुढं ते कारखान्यांना आणि आरेच्या दूध कॉलनीला वापरायला गेलं. तलावावर गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी लोकांची संस्था आली. पिण्यासाठी बांधलेला तलाव हौसेचा झाला.

इंजिनिअरांची नावं पुस्तकात सापडतात. बांधाचा दगड ज्यांनी फोडला, चुना ज्यांनी मळला, माती ज्यांनी डोक्यावरून वाहिली त्यांची नावं सापडत नाहीत. याच काळात पुण्याकडं खडकवासल्याचं धरण झालं. तिथं जोतीराव फुले ठेकेदार म्हणून दगड पुरवत होते. त्याच जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये पाणी कसं अडवावं, बंधारे कसे घालावे हे सरकारला ऐकवलं. पाण्याचं इंजिनिअरिंग आणि पाण्याची जात हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या डोक्यात होते. ते वेगळे नाहीत हे त्यांना कळलं होतं.

बाबासाहेबांच्या लहानपणची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. साल १९०१. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली लहान पोरं, स्टेशनावर उतरली, बैलगाडीनं रात्रभर निघाली, आणि जात कळल्यामुळं त्यांना वाटेत पाणी मिळालं नाही. जवळ शिदोरी होती, पण पाण्यावाचून घशाखाली उतरेना. ही गोष्ट आपण भाषणात सांगतो. पण तिच्यातला एक धागा सोडून देतो. वडील त्या गावी कशाला होते? खटाव तालुक्यातल्या त्या गावी दुष्काळी कामावर सरकार तलाव खोदत होतं आणि रामजीबाबा तिथं खजिनदार होते. बाप तळ्याच्या कामावर आणि पोरं पाण्यावाचून रस्त्यावर. आपल्या पाण्याचा सगळा इतिहास या एका प्रवासात आहे.

*

आता कायद्याकडं येतो. कंटाळू नका. कार्यकर्त्याला तारखा पाठ पाहिजेत, कारण समोरचा अधिकारी त्या विसरलेला असतो.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि राखलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळ भरून पाणी प्यायले. वरून कुणी ओतलं नाही. खाली वाकून घेतलं. नंतर दंगल झाली, डोकी फुटली, तळं 'शुद्ध' केलं गेलं. तळं खाजगी आहे म्हणून सवर्ण कोर्टात गेले. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला, तो आपल्या बाजूनं. एका ओंजळीला दहा वर्षं.

मग संविधान. कलम १५ मध्ये, दुसऱ्या पोटकलमात, स्पष्ट आहे : ज्या विहिरी, तलाव, स्नानघाट पूर्ण किंवा काही अंशी सरकारी पैशातून राखले जातात, त्यांचा वापर करायला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कुणालाही अडवता येणार नाही. बोले ठरावातली सार्वजनिक पैशाची कसोटी इथं मूलभूत हक्क होऊन बसली. हे कलम वाचताना मला नेहमी महाडच्या पायऱ्या दिसतात.

पण शहरानं एक नवी युक्ती काढली. तळ्याला पायऱ्या असतात, तिथं माणूस चालत जाऊ शकतो. नळाला पायऱ्या नसतात. नळ जमिनीखालून येतो आणि तो कुठं वळवायचा हे ऑफिसात ठरतं. मुंबईत नळ आल्यावरसुद्धा चाळीत आपल्या लोकांचा नळ वेगळा आणि गिरणीत पाण्याचा माठ वेगळा, हे आपल्या आजोबांनी भोगलं. ते हळूहळू बंद पडलं. मग आली तारीख.

१९९६ साली सरकारी परिपत्रक निघालं : १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपडीला पाण्याचं कनेक्शन नाही. पुढं तारीख १ जानेवारी २००० झाली. माणूस तोच, तहान तीच, पण हातात त्या तारखेआधीचा पुरावा नाही म्हणून नळ नाही. १९२७ साली विचारत, कुठल्या जातीचा? १९९६ नंतर विचारू लागले, कुठल्या तारखेचा? प्रश्न बदलला, रांगेत उभी असलेली माणसं कोण होती ते बघा. दुष्काळानं उठलेला दलित, पोटासाठी आलेला मुसलमान, जंगलातून हुसकलेला आदिवासी, वडार, पारधी. जात विचारायची गरजच पडली नाही. तारखेनं तेच काम केलं.

आमच्याच वस्तीतली गोष्ट सांगतो. कितीतरी वर्षं आमच्या बायका मधल्या माणसाकडून हंड्याच्या हिशोबानं पाणी विकत घ्यायच्या. टॉवरमधल्या माणसाला महिन्याला जेवढं बिल येतं त्यापेक्षा जास्त पैसे आमच्या घरातून पाण्याला जायचे, आणि मिळायचं त्याच्या एक कोपराभर. पहाटे तीनला उठून रांग. पोरींची शाळा त्या रांगेत बुडाली. त्यांतली एक माझी बहीण.

पाणी हक्क समिती या प्रश्नावर हायकोर्टात गेली. १५ डिसेंबर २०१४ ला मुंबई हायकोर्टानं सांगितलं की पाणी हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी तिच्यातल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. निकाल मोठा आहे, पण पुरा वाचा. कायदेशीर घरांच्या बरोबरीनं पाणी मागता येणार नाही असंही त्यात आहे. म्हणजे ओंजळ मान्य झाली, बरोबरी नाही. नंतर महापालिकेनं २०१७ साली धोरण आणलं, त्यात अटी. मे २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' असं धोरण जाहीर केलं. नाव चांगलं आहे. १९२४ च्या महाड नगरपालिकेच्या ठरावाचं नावही वाईट नव्हतं. ठराव आणि नळ यांच्यामध्ये जे अंतर असतं, ते चालून जाण्याचं नाव चळवळ.

*

आता परत सांडव्यावर येऊ. मधल्या पन्नास वर्षांत तो कसा बदलला?

माझ्या लहानपणी पाणी गढूळ असायचं, पण ते मातीनं गढूळ. वास यायचा तो ओल्या दगडाचा आणि शेवाळाचा. तलावातले मासे पाण्याबरोबर खाली यायचे, बाया ओच्यात धरायच्या. मगरी आहेत म्हणून तलावात उतरायची भीती, म्हणून सगळी मजा सांडव्याच्या खाली.

आयआयटी तिथं १९५८ पासूनच होती, कारखानेही होते. पण काठ खरा पालटला तो पुढं. १९८६ साली राज्य सरकार, एमएमआरडीए आणि जमिनीशी संबंधित खाजगी मंडळी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. नाममात्र भाड्यानं जमीन आणि तिच्यावर ४० आणि ८० चौरस मीटरची, सामान्यांना परवडतील अशी घरं. माझ्या मायनं जिथं खडी फोडली त्या खाणींवर जे उभं राहिलं ते तुम्ही बघताच आहात. फेब्रुवारी २०१२ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की आधी ती लहान घरं बांधा. खडी आमची, कराराचा कागद आमच्या नावाचा, घर दुसऱ्याचं.

वस्ती वाढली, टॉवर वाढले, आणि सगळ्यांचं सांडपाणी उताराला लागलं. उतार तलावाकडं. महापालिकेच्याच हिशोबानं दररोज सुमारे १ कोटी ८० लाख लिटर सांडपाणी तलावात येतं. जलपर्णी माजते. ती काढायला दरवर्षी पैसा खर्च होतो, ती दरवर्षी परत येते. मध्यंतरी काठानं सायकल ट्रॅक बांधायला काढला होता. मे २०२२ मध्ये हायकोर्टानं तो बेकायदा ठरवून काढायला लावला.

आणि हे पाणी सांडव्यावरून खाली उतरून जातं कुठं? विहारच्या सांडव्याचं पाणी फिल्टरपाड्यावरून येतं, पवईचं त्याला येऊन मिळतं, आणि तीच मिठी नदी. साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी करत सुमारे १८ किलोमीटर जाऊन ती माहीमच्या खाडीला मिळते. म्हणजे आपला धबधबा मिठीच्या उगमाचा एक तुकडा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा हीच नदी घराघरात शिरली. नंतर प्राधिकरण नेमलं, नदी रुंद केली. नदी अडवली म्हणून काठच्या झोपड्या हटवल्या. ज्यांनी नदीच वाकवली, खाडीत भराव घालून कचेऱ्या उभ्या केल्या, त्यांचं काही हललं नाही.

एक तारीख अजून सांगतो. ६ जून २०२४. पवईच्या जयभीमनगरातल्या सुमारे ६५० झोपड्या पाडल्या. पावसाळ्यात झोपड्या पाडू नयेत असा सरकारचाच आदेश असताना. बरीचशी माणसं आपली. त्यांतल्या अनेकांनी याच परिसरातल्या इमारतींवर मजुरी केली होती. हायकोर्टाच्या आदेशानं पुढं विशेष तपास पथक नेमलं गेलं. पण तोवर पाऊस सुरू झाला होता. माणसं फूटपाथवर प्लास्टिक बांधून बसली. ८ जुलैला पहाटे पवई तलाव भरून वाहू लागला. बातमी आली. शहरानं आनंद केला. त्याच पहाटे तलावापासून थोड्याच अंतरावर लेकरं अंगावर पाणी घेत जागी होती. वरून पाणी, खालून पाणी, आणि प्यायला पाणी नाही.

*

त्या रविवारी सांडव्याखाली पोरं भिजली. मी काठावर उभा होतो. पाण्यावर फेस होता. साबणाचा फेस कसा असतो तसा, हाताला चिकटणारा. वास पहिल्यांदा नाकात बसतो, मग सवय होते. ज्या पोरीनं मला वय विचारलं होतं तिनं दोन्ही हात जोडून ओंजळ केली. मला माय आठवली. ओंजळ भरली. पोरीनं ती नाकाशी नेली आणि सोडून दिली.

"दादा, हे पिता येणार नाय ना?"

"नाही."

"मग हा धबधबा आपला कसा?"

मी तिला तिथं उत्तर दिलं नाही. इथं देतो.

हा तलाव सार्वजनिक पैशानं बांधला. दगड आपल्यासारख्यांनी फोडला. म्हणून तो बोल्यांच्या ठरावानं आपला, संविधानाच्या कलमानं आपला. पण तो घाण करणाऱ्यांना कुणी विचारत नाही, आणि त्याच्या खालच्या वस्तीला नळ मागितला की तारीख विचारतात. मुंबईत रोज सुमारे ४०० कोटी लिटर पाणी येतं. त्यातलं बहुतेक ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांतून येतं. शहापूरच्या आदिवासी पाड्यांच्या उशाला धरण आहे आणि उन्हाळ्यात त्यांना टँकर लागतो. त्यांचीही ओंजळ रिकामी आणि आपलीही. त्यांचं पाणी आपण पळवलं असं कुणी सांगेल, तर त्याला सांगा, आमच्या घरी येऊन हंडे मोज.

दोस्तहो, २० मार्चला आपण महाडला जातो. जायलाच पाहिजे. पण २१ मार्चला काय करतो? माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक अभ्यासवर्गानं आपापल्या वस्तीची एक वही करावी. नळ किती, घरं किती, पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, हंड्याला पैसे कोण घेतं, अर्ज कधी दिला, उत्तर काय आलं. वहीत तारखा घाला. त्यांनी आपल्याला तारखेनं अडवलं, आपण त्यांना तारखेनं धरू. चवदार तळ्याचा खटला जिंकला तो नुसत्या घोषणांनी नव्हे. तळं सार्वजनिक आहे याचे कागद होते, साक्षी होत्या, आणि दहा वर्षं न थकणारा वकील होता.

त्या पोरीनं आमच्या वस्तीची वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर तिनं लिहिलंय : गल्ली नंबर तीन, घरं बेचाळीस, नळ एक. पुढची पानं भरायची आहेत. पुढच्या पावसाळ्यात सांडवा वाहील तेव्हा आम्ही परत जाऊ, भिजू, आणि तिथून सरळ वॉर्ड ऑफिसला जाऊ. वही बरोबर असेल.

जयभीम.